काटोलची उडी

दामू,

तू गेलास हे मला तिकिटाच्या खिडकीत बसलेलो असताना कळलं. बुधवार होता. साडेतीनच्या खेळाची तिकिटं देत होतो. आपल्या आखाड्यातला एक जण रांग मोडून पुढे घुसला, मागचे त्याच्यावर ओरडले, तरी त्याने तोंड खिडकीच्या भोकाशी आणलं आणि म्हणाला, "वसंताभाऊ, दामूभाऊ गेले." मी विचारलं, "कुठं?" तू आयुष्यभर कुठे ना कुठे जातच होतास, म्हणून तोंडातून तेच निघालं. तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठं काय भाऊ, गेले ना. जेवून खाटेवर पडले, ते उठलेच नाही."

मी खिडकी बंद केली नाही. रांग संपेपर्यंत तिकिटं फाडत राहिलो, कारण उठायला गेलो असतो तर पायाने साथ दिली नसती आणि रांगेने पुन्हा त्या पायाकडेच पाहिलं असतं. शेवटच्या माणसाला मी दोनाऐवजी तीन तिकिटं दिली. त्याने एक परत केलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना भाऊ?" मी म्हटलं, बरी आहे.

आज सोळावा दिवस. वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. मारधाडीच्या हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, मूळचे नागपूरचे. मूळचे! शेवटची सहा वर्षं तू इथेच आखाड्यात पोट्ट्यांना कोलांट्या शिकवत होतास, हे त्यांच्या गावीही नाही. तू किती सिनेमे काढलेस, कुठला कधी लागला, हे ज्याला पाहिजे त्याने शोधावं. मला तुझ्याशी एकाच संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. चौदा वर्षं आपण दोघं तिला वळसा घालून चाललो. तू विषय काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही.

पण मायपासून सुरुवात केल्याशिवाय ते सांगता यायचं नाही.

तुझी आई तू चालायला लागलास तेव्हाच गेली. बाप दिवसभर हातमागावर. इतवारीच्या मागच्या त्या विणकरांच्या वस्तीत तुमच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. तुमच्याकडे माग सुरू झाला की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. माय भाकरी टाकायला बसली की एक जास्तीची टाकायची आणि भिंतीवर उलथणं आपटायची. तू माझ्याआधी ताटावर हजर. "दाम्या, हात धुतले का रे? का तसाच आला वळू?" असं म्हणत ती तुझ्या भाकरीवर तेल-तिखट वाढायची, आणि माझ्यापेक्षा दोन थेंब तेल तुला जास्त पडायचं. मी कुरकुर केली की म्हणायची, "त्याले माय नाही. तुले मी आहे." पुढे पुढे तू तिला माय म्हणायला लागलास आणि हे वाक्य तिने सोडून दिलं.

आखाड्यात आपण एकाच वर्षी गेलो. मला कुस्ती आली, तुला नाही आली. तुला पडता यायचं. कोणी उचलून आपटलं की तू असा पडायचास की आपटणाराच घाबरायचा, आणि दुसऱ्या क्षणी तू माती झटकत उभा. उस्ताद म्हणायचे, "हा पोट्टा हरते, पण असा हरते का पाहतच राहा लागते." सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये सगळ्यात पुढच्या बाकड्यावर बसून आपण मारामारीचे सिनेमे बघायचो. सगळे हीरोला शिट्ट्या मारायचे आणि तू माझ्या कानात कुजबुजायचास, "तो हीरो नोहे बे. पाठ पाह्य त्याची. दुसराच माणूस उडी मारून राहिला." मला राग यायचा. मजा घालवायची तुझी सवय तेव्हापासूनची.

मुंबईला गेलास तो बापाच्या मागावरची सुताची एक मोठी लडी घेऊन. लोक लोणचं नेतात, तू सूत नेलंस. आधी मार खाणाऱ्या गुंडांमध्ये मागे उभा राहिलास, मग फाइट मास्टर झालास, आणि एका निर्मात्याला काय दुर्बुद्धी सुचली, त्याने तुला अख्खा सिनेमाच दिला. तेव्हा तुझं पोस्टकार्ड आलं. "वश्या, ये. हीरोची पाठ तुझ्यासारखी आहे." हीरोच्या बदली उडी मारतो त्याला तिथे डुप्लिकेट म्हणतात. मी तुझा डुप्लिकेट झालो. माझं तोंड एकाही सिनेमात दिसलं नाही, पण आपल्या वस्तीतल्या बाया पडद्यावरची पाठ बघून सांगायच्या, हा आपला वसंता.

तुझी काम करायची रीत आज कोणाला सांगून खरी वाटणार नाही. इतर मास्तर नजरेने अंदाज घ्यायचे. तू सुताच्या टोकाला दगड बांधून उडीच्या जागेवरून खाली सोडायचास, सुताला गाठ मारायचास, मग खाली येऊन तेच सूत जमिनीवर ताणायचास आणि माणूस नेमका कुठे येईल तिथे चुन्याची फुली मारायचास. फुलीवर गाद्या, आणि गाद्यांखाली बांबूच्या उलट्या करंड्या. ही करंड्यांची अक्कल नागपूरच्याच माणसाला सुचावी. संत्र्यांच्या रिकाम्या करंड्यांवर उड्या मारत आणि व्यापाऱ्यांच्या शिव्या खात आपण मोठे झालो होतो. रिकामी करंडी आधी दबते, मग मोडते, तोवर माणूस वाचलेला असतो. मुंबईवाले आधी हसले आणि मग गुपचूप करंड्या मागवायला लागले. आणि सगळ्यात शेवटचा तुझा नियम, पहिली उडी तुझी. दिग्दर्शक झालास, पोट सुटायला लागलं, तरी तू स्वतः उडी मारल्याशिवाय दुसऱ्याला वर चढू द्यायचा नाहीस. फायटर लोक देवाचं नाव घ्यायच्या आधी विचारायचे, "दामू ने नापा है क्या?" हो म्हटलं की निवांत चढायचे. दामूचं माप चुकत नाही, ही तुझी एवढीच कमाई होती, आणि तुला तिचा फार गर्व होता. मी तुला त्यावरून किती चिडवायचो! लग्नात नवरीला हार घालतानाही सूत लावून बघशील म्हणायचो.

चौथ्या सिनेमाचं शूटिंग तू हट्टाने काटोलला आणलंस. संत्र्यांचे दिवस होते. मालकाने बाग उघडी टाकली होती आणि मुंबईची माणसं टोळधाडीसारखी खात होती. माय तेव्हा तापातून उठली होती, तोंडाला चव नव्हती. मी निघताना म्हणाली होती, "काटोलले चालला तं चांगली संत्री आण मले. बाजारातली नोको, झाडावरची." मालकाला सांगितलं तेव्हा त्याने स्वतः निवडून करंडीभर दिली. आता ती ठेवू कुठे? खोलीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत सालं उरली असती. मी ती करंडी वर गवत दाबून पडण्याच्या गादीखाली, रिकाम्या करंड्यांच्या ओळीत, अगदी कडेला सरकवली. तुझी फुली मधोमध होती. कडेला कोणी पडणार नव्हतं. तिथे कोणी हातही लावणार नाही म्हणून मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

बागेतल्या पाण्याच्या टाकीवरून उडी होती. तू मापलंस, तू पहिली उडी मारलीस, गादीतून उठून कपडे झटकलेस. सगळं ठीक. मग कॅमेरावाला म्हणाला गादी चौकटीत दिसते, दोन हात बाजूला घ्या. माणसांनी करंड्यांसकट सगळं ओढलं. जागा अडचणीची, मागे बांध, त्यामुळे बिछाना पुरता सरकला नाही. उडीची जागाही दोन हात सरकवून तू पुन्हा सूत ताणलंस आणि नवी फुली मारलीस. ती कडेच्या ओळीवर आली.

मी टाकीवर चढलो होतो. ऊन उतरत चाललं होतं. नियमाप्रमाणे तू पुन्हा शिडीकडे आलास. मीच वरून ओरडलो, "तू काहून येऊन राहिला? उजेड चालला. मारतो मी." तू थांबलास. खालून विचारलंस, "वश्या, करंड्या तपासल्या ना?"

दामू, त्या क्षणी मला सगळं आठवलं होतं. विसरलो होतो असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खोटं आहे. मला करंडी आठवली, तिची जागा आठवली, आणि हेही दिसलं की आता "थांबा" म्हटलं तर पन्नास माणसांसमोर गादी उचलली जाईल आणि खालून माझी चोरलेली वाटावी अशी संत्री निघतील. हीरो हसेल. मुंबईचे फायटर जन्मभर मला संत्रेवाला म्हणतील. मनात म्हटलं, जरा लांब उडी मारू, करंडी ओलांडून पलीकडे पडू. आणि वरून सांगितलं, "तपासल्या."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. माझ्या आधी उडी न मारण्याची तुझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

पलीकडे पडायचं ते माझ्याने जमलं नाही. तू मारलेल्या फुलीवरच मी पडलो. पाय मांडीत मोडला, त्याचा आवाज मला आधी आला आणि कळ मागून. लोक माझ्याकडे धावले. तू मात्र गादीकडे गेलास. मी गादीवरून जमिनीवर घरंगळलो होतो, तिथूनच तुला बघत होतो. तू गादीचं टोक उचललंस, आत पाहिलंस. मग खाली बसून दोन्ही हातांनी ती फुटलेली करंडी गवतासकट ओढलीस आणि बांधापलीकडे टाकलीस. निर्माता धापा टाकत आला आणि त्याने विचारलं, "क्या हुआ?" तू हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसलेस आणि म्हणालास, "गलती मेरी है. मेरा नाप गलत था."

एवढं बोलून तू माझ्याजवळ आलास. गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसलास, तुझ्या बोटांना संत्र्याचा वास येत होता. नागपूरचा दवाखाना येईपर्यंत तू एवढंच बोललास. "मायले नोको सांगू. तिच्याच जिवाले लागंन."

तिने संत्री मागितली म्हणून लेकाचा पाय गेला, हे तिला कधी कळू नये, एवढंच तुझ्या मनात होतं. मला ते समजलं. मी मान हलवली. पण दामू, तू मायला सांगू नको म्हणाला होतास. लोकांना भलतंच सांग, असं तू कधी म्हणाला नव्हतास. ते सगळं माझं.

पाय दोन बोटं आखूड झाला. वस्तीने मला डोक्यावर घेतलं. सीताबर्डीच्या टॉकीजच्या मालकाला भेटून खिडकीवरची ही नोकरी तूच मिळवून दिलीस, पण लोक म्हणायचे, पापाची भरपाई करून राहिला. चहाच्या टपरीवर मला कोणी उभं राहू द्यायचं नाही, बाकडं रिकामं करायचे. विचारायचे, कसं झालं भाऊ? पहिल्यांदा मी इतकंच म्हटलं, माप चुकलं. मग त्यात थोडी भर घातली. मग एक दिवस स्वतःच्या कानांनी स्वतःला म्हणताना ऐकलं, "मी म्हणून राहिलो होतो का फुली बरोबर नाही लागून राहिली. दामू म्हणे, मार उडी, उजेड चालला." लोकांनी च्, च् केलं. मला ते गोड लागलं. आयुष्यभर माझी पाठच लोकांनी पाहिली होती, आता तोंड पाहत होते. त्यानंतर मी ती गोष्ट शेकडो वेळा सांगितली आणि दरवेळी तू थोडा जास्त निर्दय झालास.

मायनेही हीच गोष्ट ऐकली.

त्या वर्षीचा तान्हा पोळा आठवतो ना तुला? आठवत असणारच. मारबत निघाली होती. गावभरची पिडा तो पुतळा सोबत घेऊन गावाबाहेर जळायला जातो, म्हणून लोक दाराशी उभे राहून ओरडत होते, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा. माय ओट्यावर होती, मी तिच्या शेजारी कुबड्यांवर. तू मला भेटायला मुंबईहून आला होतास आणि गर्दीमुळे समोरच्या बाजूला अडकला होतास. तिने तुला पाहिलं. पदर कमरेला खोचला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दामूले घेऊन जा गे मारबत!"

लोक हसले. चार पोट्ट्यांनी तेच पुढे ओरडत नेलं. तुझं नाव गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. तू मायकडे पाहून हात जोडलेस, जसे देवळात जोडतात तसे, आणि परत फिरलास. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्या कानापासून माझं तोंड हातभर अंतरावर होतं. मी काही बोललो नाही.

त्यानंतर आपण भांडलो ते भलत्याच गोष्टीवरून. सिनेमा लागला, आपल्याच टॉकीजला, आणि त्यात माझी उडी नव्हती. तू ती कापून टाकली होतीस. मी तुला अंगणात उभं करून शिव्या दिल्या. "माह्या पाय गेला त्याच्यात, अन् तू ते फेकून देल्लं?" तू म्हणालास, "ज्या उडीत माणूस मोडला ते मी दाखवत नाही." मी म्हणालो तू भित्रा आहेस, तुला तुझी चूक पडद्यावर बघवत नाही. तू ऐकून घेतलंस. हे भांडण आपण दरवर्षी दिवाळीला थोडं थोडं भांडलो, आणि ते संपलं नाही. आता मला वाटतं, त्या तुकड्यात गादीखालून घरंगळत आलेलं एखादं संत्रं दिसत असेल. तू तुझ्या सिनेमातली सगळ्यात जीवघेणी उडी कापलीस ती माझ्यासाठी. मी तुला विचारायला हवं होतं.

तिकडे मुंबईत तुझं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. तू स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली होतीस, मग इतरांनी का सोडावं? ज्याच्या मापावर माणसं डोळे मिटून उडी मारायची, त्याच्या मापावर कोणी शिडी चढेना. हीरो अटी घालायला लागले, मारामारीसाठी दुसरा मास्टर हवा म्हणून. तुझ्याच सिनेमात तुझ्या सुताला कोणी विचारेना. पुढे दोन सिनेमे झाले ते रडतखडत, नंतरचा डब्यातच राहिला. मग तू उमरेडच्या सुमनवहिनींशी उशिरा केलेला संसार घेऊन नागपुरात परतलास, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. वहिनी पाण्याच्या नळावर गेल्या की बाया एकमेकींना खुणावायच्या, दोस्ताचा पाय मोडणारा तो याच बाईचा मालक. हे मला माझ्याच बायकोने सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, लोकांची तोंडं कोण धरणार!

आणि माय गेली तेव्हाचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तू आलास. अंगणात तिरडी बांधत होते. तू खांदा द्यायला पुढे झालास, तेव्हा माझ्या चुलतभावाने तुझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू नोको." तू माझ्याकडे पाहिलंस. पंधरावीस माणसं होती, सगळी माझ्याकडेच बघत होती. मी मान खाली घातली. तू घाटापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आलास आणि लांब एका झाडाखाली उभा राहिलास. ज्या बाईने तुझ्या भाकरीवर माझ्यापेक्षा जास्त तेल टाकलं, तिच्या चितेवर तू एक लाकूडही ठेवू शकला नाहीस. मला रडायला आलं तेव्हा लोकांना वाटलं, मायसाठी रडतो आहे.

तुझ्या तिरडीला मात्र मला पहिला मान मिळाला. लंगड्या माणसाला कोणी खांदा देऊ देत नाही, तरी लोकांनी दोन बाजूंनी मला धरलं. "वसंताले पुढं येऊ द्या." किती मोठा माणूस, पाय घालवणाऱ्याला खांदा देतो, असं मागे कोणीतरी बोललं. मी ते ऐकत चाललो.

दहाव्या दिवशी आखाड्यात शोकसभा झाली. मी ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. करंडी माझी होती, संत्री मी लपवली होती, त्याने विचारलं आणि मी खोटं बोललो, त्याचं माप चुकलं नव्हतं. माझं बोलणं संपलं. मग उस्तादांचा थोरला मुलगा उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पाहा, याले म्हणतात मन. पाय गेला, जिंदगी गेली, तरी मेल्या माणसाचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला वसंताभाऊ." लोकांनी माना डोलावल्या. एकाने माझ्या पायांना हात लावला. मी ओरडलो, "अरे, खरं सांगून राहिलो मी!" तर मला पाणी दिलं आणि खाली बसवलं. "बसा भाऊ, दुःख झालं आहे तुम्हाले."

चौदा वर्षं खोटं सांगितलं ते सगळ्यांना पटलं, दामू. खरं एकदा सांगितलं तर कोणाला पटेना. गोष्ट मी इतकी चांगली सांगून ठेवली आहे की ती आता माझंही ऐकत नाही.

काल तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनाही सांगितलं. त्या निवडायच्या थांबल्या. सभेत जे कोणाला पटलं नाही ते त्यांना पहिल्या वाक्यातच पटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मला वाटलं होतं त्या रडतील, निदान हलकं वाटेल त्यांना. त्या म्हणाल्या, "मी एकदा विचारलं होतं त्याईले. म्हटलं, खरंच तुमचं माप चुकलं होतं का? ते उठून बाहेर गेले. मी समजली, चुकलंच असंन." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "दहा वर्षं मी त्या माणसाले मनातल्या मनात दोष देत जेवायले वाढलं, भाऊजी. अन् आता सांगून राहिले तुम्ही?"

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर केला. "मले नोका सांगू. चार लोकायसमोर सांगतलं तं त्यायनं तुमचीच वाहवा केली. लिहून द्या. सरळ लिहा. तुमचं मन कसं होतं अन् तुम्हाले किती वाईट वाटलं, हे त्याच्यात नोका घालू." त्यांनी स्वतः आतून कागद आणून दिला. मी लिहिलं: संत्र्यांची करंडी मी लपवली. दामूने विचारलं तेव्हा मी तपासल्या म्हणालो. ते खोटं होतं. खाली सही केली. वहिनींनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, आखाड्याच्या दारावर लावते. आज सकाळी लावला त्यांनी. मी आत्ता तुझ्या घराकडे येताना पाहिला.

निघताना त्यांनी मला पायरीशी थांबवलं. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता मऊ झाला होता. म्हणाल्या, "दर दिवाळीले तुमच्या घरून भांडून आले का ते आत नोहते येत. इथंच ओट्यावर बसून राहत. मी म्हणो, जेवून घ्या. तं म्हणत, थांब वं जराशी. वश्या मांगून येईन, त्याले माह्यापाशी काही सांगायचं आहे."

दोन गल्ल्या, दामू. लंगडत आलो असतो तरी विडी संपायच्या आत पोचलो असतो. मी एकदाही आलो नाही. आता आलो आहे आणि ओट्यावर कोणी नाही, तरी तुलाच सांगतो. तुझं माप बरोबर होतं.